आर्ग्युमेंटची लिस्ट हातात आल्यावर

फंक्शन कसं लिहायचं हे सगळे शिकवतात. ते कॉल कसं करायचं हे मात्र वेगळं शिकवायची गरज कुणाला वाटत नाही. नाव लिहायचं, कंस उघडायचा, आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायच्या गोष्टी, टाकायचे, कंस मिटायचा. त्यात शिकवण्यासारखं काय आहे? संख्याशास्त्राच्या कामासाठी आर ही प्रोग्रामिंगची भाषा वापरायला लागल्यावर सुरुवातीला हे खरंच पुरतं. मग केव्हातरी अशी वेळ येते की आर्ग्युमेंट किती असणार हेच आधी ठाऊक नसतं. फोल्डरमध्ये जितक्या फाइली तितके तक्ते, आणि ते सगळे एकाखाली एक जोडायचे असतात. किंवा ग्राफच्या सेटिंग्ज दुसऱ्याच फंक्शनने ठरवून पाठवलेल्या असतात. किंवा एकच मॉडेल निरनिराळ्या अटींवर पुन्हा पुन्हा चालवून बघायचं असतं. आता आर्ग्युमेंट आपल्या बोटांतून येत नाहीत, एका लिस्टमध्ये गोळा होऊन येतात. आणि ज्याला कॉल करायचं त्या फंक्शनला लिस्ट नको असते, सुटे आर्ग्युमेंट हवे असतात.

या सांध्यावर आरमध्ये जे फंक्शन बसलं आहे त्याचं नाव डू.कॉल. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कुठलं फंक्शन चालवायचं, आणि आर्ग्युमेंटची लिस्ट. लिस्टमधल्या घटकांना नावं असली तर तीच आर्ग्युमेंटची नावं होतात. नसली तर जागेवरून ओळख पटते. दिसायला इतकं साधं. पण या एका फंक्शनशी नीट मैत्री झाली तेव्हा आर ही भाषा आतून कशी आहे हे मला पहिल्यांदा दिसू लागलं, आणि म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेची मांडणी केली तिच्या मुळाशीच ‘इव्हॅल’ आणि ‘अप्लाय’ ही जोडी होती, आणि त्यातल्या अप्लायचं काम हेच: एक फंक्शन घ्या, आर्ग्युमेंटची लिस्ट घ्या, आणि ते फंक्शन त्या लिस्टला लावा. पुढे १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रासाठीच्या एस या भाषेचं काम सुरू केलं. नव्वदच्या दशकात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर घडवताना बाहेरचं रूप एसचं ठेवलं, पण आतल्या रचनेत लिस्पच्या कुळातल्या स्कीम या भाषेकडून बरंच घेतलं. त्या वारशामुळे आरमध्ये फंक्शनचा कॉल हीसुद्धा हातात धरता येणारी वस्तू आहे. तिचा पहिला घटक म्हणजे फंक्शनचं नाव, बाकीचे घटक म्हणजे आर्ग्युमेंट. ती तयार करता येते, उघडून बघता येते, तिच्यातला एक तुकडा बदलता येतो आणि मग ती चालवता येते. डू.कॉल हे सगळं आपल्या वतीने करतं. आपण दिलेल्या लिस्टमधून ते एक कॉल रचतं आणि लगेच चालवतं. ‘रचतं’ हा भाग लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिथून येते.

आधी वेगाबद्दल, कारण बहुतेक लोक डू.कॉलकडे त्या ओढीने येतात. समजा एक हजार तक्ते आहेत, प्रत्येकात शंभर ओळी. लूप लावून दर फेरीला आतापर्यंतच्या तक्त्याखाली पुढचा तक्ता आरबाइंडने जोडत गेलो, तर दर फेरीला आर एक नवा तक्ता बनवतं आणि आधीच्या सगळ्या ओळी त्यात पुन्हा उतरवतं. दुसऱ्या फेरीला दोनशे ओळी, तिसऱ्या फेरीला तीनशे, असं करत हजाराव्या फेरीला एक लाख. सगळ्या फेऱ्यांची बेरीज सुमारे ५ कोटी ओळी भरते, आणि हाती येणारा तक्ता मात्र एक लाख ओळींचाच. तेच तक्ते लिस्टमध्ये ठेवून डू.कॉलने आरबाइंडला एकदाच कॉल केलं, तर आरबाइंडला सगळे तक्ते एकदम दिसतात, एकूण किती जागा लागणार ते आधीच कळतं आणि प्रत्येक ओळ एकदाच उतरवली जाते. तक्त्यांची संख्या दुप्पट झाली की लूपचं काम चौपट होतं, इथे ते दुप्पटच राहतं. रिड्यूस हे फंक्शन वापरून दोन-दोन तक्ते जोडत जाणं दिसायला देखणं असलं तरी ते लूपसारखंच आहे, कारण मधला प्रत्येक तक्ता तिथेही नव्याने जन्म घेतो.

इथे एक फरक सांगायला हवा. डू.कॉल स्वतः काही वेगवान करत नाही. वेग येतो तो आरबाइंडमुळे, कारण ते कितीही आर्ग्युमेंट घ्यायला तयार असतं. ज्या फंक्शनच्या व्याख्येत तीन टिंबं आहेत, म्हणजे ‘जे येईल ते घेतो’ असं ज्याने सांगून ठेवलंय, त्याच्याशीच हे जमतं. सम या फंक्शनला १, २, ३ अशा तीन आकड्यांची लिस्ट डू.कॉलने दिली तर उत्तर ६ येतं. तीच लिस्ट मीनला दिली तर उत्तर २ यायला हवं असं वाटतं, पण येतं १. मीन फक्त पहिल्या आर्ग्युमेंटची सरासरी काढतं. दुसरा आकडा टोकाचे आकडे किती छाटायचे हे सांगणाऱ्या ट्रिम या आर्ग्युमेंटच्या जागी जाऊन बसतो, तिसरा एनए, म्हणजे न मिळालेले आकडे, वगळायचे की नाही हे सांगणाऱ्या आर्ग्युमेंटच्या जागी. एरर नाही, वॉर्निंग नाही, समोर एक सभ्य दिसणारा आकडा. संख्याशास्त्रात याहून वाईट काही असेल असं मला वाटत नाही. प्रोग्राम थांबला तर निदान कळतं तरी. चुकीचा आकडा मात्र शांतपणे पुढच्या हिशेबात शिरतो. म्हणून लिस्ट कुठल्याही फंक्शनला देण्याआधी त्याची आर्ग्युमेंटची यादी एकदा वाचावी, आणि शक्य तिथे लिस्टमधल्या प्रत्येक घटकाला नाव द्यावं.

नावं दिली म्हणून सगळं निर्धास्त होतं असंही नाही. डेटा फ्रेम, म्हणजे आरमधला तक्ता, ही आतून कॉलमची लिस्टच असते, त्यामुळे ती थेट डू.कॉलला देता येते, आणि आरमधल्या काही सुंदर युक्त्या यातूनच निघतात. डू.कॉलने ऑर्डरला अख्खी डेटा फ्रेम दिली की सगळ्या कॉलमच्या क्रमाने ओळी लावता येतात. कॉलम तीन असोत की तीस, ओळ तीच. मजकूर जोडणाऱ्या पेस्टला डेटा फ्रेम आणि जोडीला सेप (मध्ये घालायची खूण) हे आर्ग्युमेंट दिलं की प्रत्येक ओळीची एक संयुक्त ओळखखूण तयार होते. पण त्या डेटा फ्रेममध्ये ‘मेथड’ नावाचा कॉलम असला तर? ऑर्डरला त्याच नावाचं आर्ग्युमेंट आहे. तो कॉलम क्रम लावण्यासाठी वापरला न जाता क्रम लावण्याची पद्धत सांगणारं आर्ग्युमेंट म्हणून घुसतो. ‘सेप’ नावाचा कॉलम पेस्टशी असाच भिडतो. कॉलमची नावं डेटा देणाऱ्याने ठेवलेली असतात, आर्ग्युमेंटची नावं फंक्शन लिहिणाऱ्याने. दोघांची कधी भेट झालेली नसते, आणि आपण त्यांना एकाच कंसात आणून बसवतो. उपाय सोपा आहे: डेटा फ्रेम देण्याआधी अननेमने तिची नावं काढून टाकायची. जिथे घटकांची ओळख जागेवरून पटायची आहे तिथे नाव हा निव्वळ धोका आहे.

नलचंही, म्हणजे ‘काहीच नाही’ या किमतीचंही, तसंच. लिस्टमधल्या एखाद्या घटकाला डॉलरच्या खुणेने नल दिलं की तो घटक लिस्टमधून नाहीसाच होतो. ‘हे आर्ग्युमेंट नल आहे’ आणि ‘हे आर्ग्युमेंट दिलेलंच नाही’ यांत कित्येक फंक्शन फरक करतात, कारण दिलं नाही तर ती आपली ठरलेली किंमत वापरतात. नल खरोखर पाठवायचं असेल तर एकेरी चौकटी कंस वापरून त्या जागी नल असलेली लिस्ट ठेवावी लागते. ठरलेल्या सेटिंग्जवर वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज चढवायला मॉडिफायलिस्ट हे फंक्शन फार उपयोगी आहे, मी ते सतत वापरतो, पण तेही नल दिसलं की तो घटक उडवतं. कधी हेच हवं असतं. हवं आहे की नाही, हे मात्र आपल्याला माहीत असायला हवं.

आता त्या ‘रचतं’ या शब्दाकडे येतो.

आपण हाताने एलएम लिहून रेषीय मॉडेल बसवतो तेव्हा कंसात डेटाचं नाव लिहितो. आर लगेच त्या नावामागची किंमत शोधत नाही. आर्ग्युमेंट आळशीपणे, म्हणजे गरज पडेल तेव्हाच सोडवलं जातं, आणि तोवर फंक्शनला आर्ग्युमेंटची किंमत जशी मिळू शकते तसंच ते कसं लिहिलं होतं हेही बघता येतं. आरमधली कित्येक फंक्शन या सोयीवर उभी आहेत. प्लॉट अक्षांना आपोआप नावं देतं, कारण आपण कंसात काय लिहिलं ते त्याला सबस्टिट्यूट आणि डीपार्स वापरून वाचता येतं. डेटा.फ्रेम कॉलमना नावं देतं तेही असंच. आणि एलएम तर तो अख्खा कॉल मॉडेलच्या आत जपून ठेवतं. मॉडेल प्रिंट केलं की वर दिसतो तो हाच.

डू.कॉलकडे मात्र नावं नसतात. लिस्ट बनवली त्या क्षणीच नावांच्या जागी किमती आल्या. म्हणजे ते जो कॉल रचतं त्यात ‘डेटा’ या शब्दाच्या जागी डेटाच बसतो, एक लाख ओळींसकट. पत्ता लिहायच्या जागी घरच उचलून ठेवावं तसं. गणित बरोबर येतं, गुणांक तेच येतात. पण मॉडेल प्रिंट करा, आणि पडद्यावर आकड्यांचा पूर लोटतो, कारण जपून ठेवलेल्या कॉलमध्ये सगळा डेटा शब्दशः उतरलेला आहे. डू.कॉलने प्लॉट काढला तर अक्षाच्या नावाच्या जागी आकड्यांची माळ येते. बिननावाच्या लिस्टमधून डेटा.फ्रेम बनवली तर २, ५, १ या आकड्यांच्या कॉलमचं नाव त्या आकड्यांमध्ये टिंबं घालून तयार होतं. यात वेळही जातो. किमतीवरून मजकूर बनवणं हे डीपार्सचं काम, आणि किंमत मोठी असली की ते काम जड होतं. मध्येच एरर आला की आर कॉलची सगळी साखळी मजकुरात उतरवायला घेतं, आणि त्या साखळीच्या प्रत्येक कडीत अख्खा डेटा असेल तर नुसता एररचा संदेश यायला ताटकळत बसावं लागतं. डू.कॉल हळू आहे अशी तक्रार ऐकू येते तिचं मूळ बहुधा इथे असतं. मॉडेलचा हिशेब झटकन होतो. वेळ जातो तो तो कॉल लिहून काढण्यात.

यावरचे उपाय मला फार आवडतात, कारण ते सगळे एकाच जाणिवेतून आलेले आहेत: कॉलमध्ये किंमत नको, नाव हवं. पहिला उपाय अगदी छोटा. डू.कॉलला फंक्शन स्वतः न देता त्याचं नाव अवतरण चिन्हांत द्यायचं. फंक्शन दिलं तर त्याची पूर्ण व्याख्या कॉलमध्ये उतरते. नाव दिलं तर नावच राहतं. दुसरा उपाय, लिस्टमध्ये डेटाच्या जागी क्वोट वापरून, म्हणजे किंमत न शोधता, डेटाचं नुसतं नाव ठेवायचं. डू.कॉल कॉल रचतं तेव्हा त्यात ते नाव जातं, आणि चालवताना आर त्या नावामागचा डेटा शोधतं. मॉडेलमधला कॉल मग हाताने लिहिल्यासारखा स्वच्छ दिसतो.

तिसरी युक्ती जास्त व्यापक आहे. ‘जीमिस्क’ या पॅकेजमधलं फास्टडूकॉल ती वापरतं. लिस्टमधल्या प्रत्येक घटकाला त्याच्याच नावाचं चिन्ह मानायचं, त्या चिन्हांचा कॉल रचायचा, आणि किमतींची लिस्ट हेच त्या चिन्हांचा अर्थ शोधायचं ठिकाण म्हणून कॉल चालवणाऱ्या इव्हॅलला द्यायचं. कॉल हलका राहतो आणि डेटा लिस्टमध्येच राहतो. कल्पना चार ओळींत मावते आणि एकदा कळली की पुन्हा विसरत नाही. पण तिचाही तोटा आहे. असं बनवलेलं मॉडेल प्रिंट केलं तर वर दिसतं: फॉर्म्युला बरोबर फॉर्म्युला, डेटा बरोबर डेटा. वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. आणि नंतर त्या मॉडेलवर, ते थोडं बदलून पुन्हा बसवायला, अपडेट चालवलं, तर ते जपलेला कॉल पुन्हा चालवायला जातं, ‘डेटा’ हे नाव शोधू लागतं, आणि त्याला सापडतं ते आरमधलं डेटा नावाचं फंक्शन. मूळ लिस्ट तेव्हा जवळपास नसतेच. ग्राफ काढून विसरून जायचं असेल तर ही पद्धत उत्तम. मॉडेल जपून ठेवून त्याच्याशी पुढे काम करायचं असेल तर नंतरही जागेवर सापडेल असं खरं नाव कॉलमध्ये घालणंच बरं.

एलएम स्वतः आत काय करतं ते बघण्यासारखं आहे. कंस न लावता नुसतं एलएम लिहून एंटर दाबलं की त्याचा कोड समोर येतो. त्यात ते मॅच.कॉल वापरून आपल्याला आलेला कॉल जसाच्या तसा पकडतं, त्यातले हवे तेवढे घटक ठेवतं, पहिल्या जागेवरचं स्वतःचं नाव काढून तिथे मॉडेल.फ्रेमचं नाव बसवतं, आणि तो बदललेला कॉल ज्याने एलएमला बोलावलं त्याच्या परिसरात चालवतं. किमतींना हात न लावता नावं पुढे सोपवली जातात. वजनं असोत की उपसंच, वापरणाऱ्याने जे लिहिलं ते त्याच रूपात पुढच्या फंक्शनपर्यंत पोचतं. आर्ग्युमेंटची लिस्ट एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे कशी द्यावी याचा याहून चांगला धडा मला कुठे भेटलेला नाही, आणि तो रोजच्या वापरातल्या फंक्शनमध्ये उघड्यावर पडलेला आहे.

मॉडेलने आपला कॉल जपावा हा विचार एसमधला. १९९२ साली चेंबर्स आणि ट्रेव्हर हेस्टी यांच्या संपादनाखाली मॉडेलांवरचं पुस्तक आलं. फॉर्म्युला लिहून मॉडेल बसवायची आज रुळलेली पद्धत त्यातूनच पसरली. संख्याशास्त्रात कॉल ही कृती असते आणि त्याच वेळी त्या कृतीची नोंदही असते. कुठला डेटा घेतला, कुठली चलं ठेवली, काय वगळलं, हे त्या एका ओळीत असतं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हा गुणांक कुठून आला, तर उत्तर त्या ओळीत सापडलं पाहिजे. म्हणून कार्यक्षमतेचा विचार करताना मी घड्याळाबरोबर ती ओळही बघतो. सेकंद वाचले आणि नोंद वाचेनाशी झाली, तर ते मला कार्यक्षम वाटत नाही.

काही वेळा अर्थात डू.कॉलची गरजच नसते. डेटा.टेबल पॅकेजमधलं आरबाइंडलिस्ट आणि डीप्लायरमधलं बाइंड_रोज ही दोन्ही तक्त्यांची लिस्ट थेट घेतात. ज्या फंक्शनला हजारो गोष्टी मिळणार हे लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं त्याने लिस्टच मागावी, हे मला रास्त वाटतं. इतर भाषांतही हाच प्रश्न येतो. पायथॉनमध्ये एक तारका लावून लिस्ट आणि दोन तारका लावून डिक्शनरी सुट्या आर्ग्युमेंटमध्ये उलगडता येते; तरी तिथल्या पांडाज या तक्त्यांच्या पॅकेजमधलं कॉन्कॅट तक्त्यांची लिस्टच घेतं. जूलियात तीन टिंबांनी लिस्ट उलगडता येते, पण हजारो अ‍ॅरे जोडायचे असतील तर उलगडण्यापेक्षा रिड्यूसला व्हीकॅट देणं चांगलं, कारण त्या जोडीसाठी खास वेगवान पद्धत लिहून ठेवलेली आहे. म्हणजे आरमध्ये तक्ते जोडताना जे टाळायचं, त्याच नावाचं फंक्शन तिथे वापरायचं! भाषा बदलली की जुना अनुभव जसाच्या तसा नेता येत नाही, नवं घर आतून बघावंच लागतं.

थोडं आडवाटेला जाऊन एक लाडकी गोष्ट सांगतो. अ‍ॅरेचे आयाम किती आहेत हे आधी माहीत नसताना त्यातला एक काप काढायचा असेल, तर चौकटी कंसात किती स्वल्पविराम द्यायचे तेच कळत नाही. पण आरमध्ये चौकटी कंस हेही एक फंक्शनच आहे. मग लिस्टमध्ये पहिला घटक अ‍ॅरे, आणि पुढे प्रत्येक आयामासाठी एकेक घटक ठेवायचा: ज्या आयामात कापायचं तिथे क्रमांक, बाकी सगळीकडे नुसतं ट्रू, म्हणजे ‘सगळं घे’. ही लिस्ट डू.कॉलने चौकटी कंसाला दिली की दोन आयामांचा अ‍ॅरे असो की सात, तोच कोड चालतो.

माझ्या कामात लिस्टची खरी सोबत होते ती सिम्युलेशनमध्ये. नमुन्याचा आकार, परिणामाची तीव्रता, विचरण, अंदाज काढायची पद्धत, यांच्या सगळ्या जोड्या एक्स्पांड.ग्रिडने तयार करतो. येणाऱ्या तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एका प्रयोगाची आर्ग्युमेंटची लिस्ट. इथे एक्स्पांड.ग्रिडला शब्दांचे फॅक्टर, म्हणजे आतून क्रमांकांनी साठवलेले गट, करू नकोस असं आठवणीने सांगावं लागतं. नाहीतर पद्धतीचं नाव फॅक्टर होऊन पोचतं, आणि आत नावावरून वाट निवडणारं स्विच असेल तर ते नावाच्या जागी त्याचा क्रमांक धरतं. वॉर्निंग येते, पण शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये ती दिसेलच असं नाही. रँडम सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्याही, मी प्रत्येक ओळीत एक आर्ग्युमेंट म्हणूनच ठेवतो. मग प्रयोगाचं सगळं काही त्या ओळीत असतं. फंक्शन एक, ओळी अनेक, आणि दोघांना जोडणारं डू.कॉल. निकाल जपताना त्याच्या शेजारी त्याची लिस्टही जपायची. रात्रभर चाललेल्या गणनेत एखादीच जोडी कोसळली, तर तिची लिस्ट उचलायची, फंक्शनवर डीबग लावायचं आणि तेवढाच एक कॉल पुन्हा चालवायचा. सीड तोच असल्यामुळे तेच आकडे पुन्हा येतात आणि तीच चूक पुन्हा समोर उभी राहते, या वेळी ओळीओळीने बघता येईल अशी.